एसीच्या पाण्यावरची राजेळी

ऑगस्ट आला की दुबईत आमच्या करामात चष्मेवाल्यांचे हाल सुरू होतात. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की काच पांढरीफटक. चष्मा काढा, ओढणीने पुसा, घाला, की पुन्हा पांढरा. तेवढ्यात लिफ्ट येऊन निघूनही जाते. हवेत इतकं पाणी असतं की बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्तच ओला निघतो. आणि तरी आकाशातून एक थेंब पडेल तर शपथ. चिंचवडहून आत्याचा फोन येतो, "काय गं सुजू, तिकडे पाऊस आहे का?" दरवर्षी हाच प्रश्न. मी सांगते, "आहे ना आत्या. खिडकीखाली जाऊन उभं राहिलं की पडतो."

खोटं नाही सांगत मी. आमची बिल्डिंग जुनी, खिडकीत बसवलेल्या एसींची. प्रत्येक एसीच्या मागून एक नळी लोंबते आणि तिच्यातून दिवसरात्र पाणी ठिबकतं. पत्र्यावर पडलं की टण्ण, गाडीच्या बॉनेटवर टप्प, आणि माणसाच्या डोक्यावर पडलं की ज्याच्या त्याच्या मातृभाषेत एक शिवी. मागच्या गल्लीतून एकदा चालत गेलात तर तेवढ्यात चारपाच भाषा शिकून बाहेर पडाल. मला मात्र त्या गल्लीतून जाताना वर बघायची खोड लागली आहे. कुणाची नळी चालू, कुणाची बंद, हे मी अजून बघते. खाली आता फरशी घातली आहे आणि डिलिव्हरीवाल्यांच्या मोटारसायकली उभ्या असतात. पाणी त्यांच्या सीटवर पडतं आणि वाया जातं. माझा जीव तळमळतो, पण सांगणार कुणाला? मंदारला सांगितलं तर तो म्हणतो, "सोड ना आता." सोडायला काय, त्यालाही सुटलेलं नाही ते. तोही वर बघतो, मी पाहिलंय.

गोष्ट आहे २००८ साली जगाचं दिवाळं वाजलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची. तो उन्हाळा ज्यांनी इथे काढला त्यांना वेगळं काही सांगायला नको. एरवी जुलैत शाळा बंद झाल्या की बायकामुलं गावी जायची आणि सप्टेंबरमध्ये लाडूचिवड्याचे डबे घेऊन परत यायची. त्या वर्षी गेलेली बरीच जण परतलीच नाहीत. संध्याकाळी पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं इतकी कमी झाली की उरलेल्यांनी विकेटकीपर म्हणून कचऱ्याचा डबा ठेवला, आणि तो आधीच्या कीपरपेक्षा बरा होता. साळुंक्या मात्र होत्या तेवढ्याच होत्या. गाड्यांखाली मांजरं झोपलेली होती. रस्त्याकडेच्या खजुरांना घोस लागले होते, म्युनिसिपाल्टीने त्यांना जाळ्या बांधल्या होत्या, आणि त्या जाळ्यांतून बुलबुल आरामात खात होते. झाडांना आणि पाखरांना कुणी नोटीस दिली नव्हती.

आमचा वॉचमन पठाण होता. कुणी घर सोडलं की तो जिन्याखालच्या खुर्चीवरून जाहीर करायचा, "दो सौ चार खलास." पुढच्या आठवड्यात, "तीन सौ एक खलास." आवाज असा, की क्रिकेटचा स्कोअर सांगतोय. मंदार तेव्हा हमरिया फ्री झोनमध्ये पाइप बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता. रोज पहाटे एमिरेट्स रोडने जायचा आणि रात्री परतायचा. त्याच्या ऑफिसातही रोज कुणी ना कुणी खलास होत होतं. घरी आला की बूट काढायच्या आधी मी त्याचं तोंड बघायचे. तो म्हणायचा, "आहे अजून." एवढंच बोलायचो आम्ही त्या विषयावर. मग जेवायचो.

आमच्या शेजारी हिल्डा आंटी. वसईच्या. एका शिपिंग कंपनीत सेक्रेटरी, टायपिंग असं की आवाज ऐकून वाटावं चणेफुटाणे भाजतायत. त्यांचा नवरा बावतीस अंकल एका हॉटेलात बँक्वेटचा कॅप्टन. काळा कोट, पांढरा शर्ट, आणि घरातसुद्धा पाण्याचा ग्लास असा आणून ठेवायचे की आपल्याला टिप द्यावीशी वाटे. दोघं आमच्या कितीतरी आधीपासून तिथे होते. मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली होती. आंटींचं आता दुसरं अपत्य म्हणजे खाली मागच्या गल्लीत, भिंतीलगतच्या वीतभर मातीत उभी असलेली केळ.

साधीसुधी केळ नव्हे. राजेळी. वसईला ज्या केळ्याची वाळवून सुकेळी करतात ती. आंटींच्या वडिलांची तिथे वाडी होती. वडील गेले, भावांनी वाडी बिल्डरला दिली. जेसीबी येणार त्याच्या आदल्या दिवशी आंटी तिथे होत्या. कंद उपटला, अंकलच्या बुटात कोंबला, बूट बॅगेत घातले आणि थेट दुबई. आंटी सांगायच्या, "विमानात मी सगळा वेळ रोझरी म्हणत होते गो. बावतीसला वाटलं, मला विमानाची भीती वाटते." ती केळ आंटींनी नेमकी आपल्या बेडरूमच्या एसीखाली लावली. नळाचं पाणी घालायची सोय नव्हती, कारण उन्हाळ्यात आमच्या नळाला जे येतं त्यात चहा होतो. टाकी गच्चीवर, ऊन डोक्यावर. आंघोळीला गार पाणी हवं तर आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्यातलं सावलीतलं पाणी वापरतो, सांगितलं तर लोकांना पटत नाही. तेव्हा केळीला पाणी फक्त एसीचं, आंटींचं आणि त्यांच्या वरच्या दोन मजल्यांचं. बाई त्यावर अशी तरारली की पानं पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागली. त्या जूनमध्ये तिच्यातून केळफूल बाहेर पडलं. आंटींनी बिल्डिंगभर चॉकलेटं वाटली. वॉचमनने विचारलं, "लडका हुआ?" आंटी म्हणाल्या, "हां, ऐसाइच समझो."

आणि जुलैत अंकलच्या हॉटेलने बँक्वेटचं अर्धं डिपार्टमेंट कमी केलं. लग्नं नाहीत, कॉन्फरन्स नाहीत, कॅप्टन कशाला? व्हिसा अंकलचा, घर अंकलच्या नावावर. आंटींच्या शिपिंग कंपनीची जहाजंही बंदरात उभीच होती, त्यांनी आधीच हात वर केले होते. ऑगस्टअखेर परत जायचं ठरलं. त्या वेळी केळीचा घड हिरवागार, निबर, अजून भरायचा होता, आणि बुंध्याशी चार पिल्लं फुटली होती. पिल्लं म्हणजे कोंब, हातभर उंच, तलवारीसारख्या पानांचे. आंटींनी सगळ्यांना सांगून टाकलं, "घड राहिला तर राहिला. ही पिल्लं मी घेऊन जाणार. पप्पांच्या वाडीतलं आता एवढंच उरलंय." सामान विकायचं होतं, बँकेचं बघायचं होतं, पण आंटींचा सगळा जीव त्या चार पिल्लांत. जायच्या दोन दिवस आधी काढायची, म्हणजे कंद ताजे राहतील, असा त्यांचा बेत होता.

इथे माझ्या सासूबाईंचा प्रवेश होतो. प्रत्यक्ष नाही, फोनवरून. पण त्यांना तेवढं पुरतं.

"मंदार, मी बोलले आहे देवाला. नोकरी टिकू दे, सत्यनारायण घालतील म्हटलंय. श्रावण संपायच्या आत घालून टाका."

"आई, नोकरी टिकली की घालतो ना. अजून कुठे ठरलंय?"

"अरे, देवाशी असा व्यवहार करतात का? आधी घाला. आणि नीट घाला. चौरंगाला केळीचे खुंट हवेत. मागच्या वेळी तुम्ही प्लॅस्टिकचे लावले होते, मी फोटोत बघितलंय."

झालं. श्रावणातला शेवटचा शुक्रवार ठरला. रमजान तोंडावर आला होता, त्याच्या आधी उरकायचं होतं. गुरुजी मिळाले, म्हणजे शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजच्या अकाउंट्समध्ये होते ते, शुक्रवारी पूजा सांगायचे. मंदारने ऑफिसातल्या साहेबालाही बोलावलं. मी पहाटेपासून रवा भाजत होते. सकाळी दार वाजलं, मंदार आत आला, आणि त्याच्या हातात चार केळीचे खुंट. खरे! पानांसकट, टवटवीत!

"अय्या! कुठे मिळाले?"

"मिळाले," असं म्हणून तो रुबाबात चौरंगाकडे गेला. मी म्हटलं, वा, नवरा कधी नव्हे तो कामाला आला. करामातल्या केरळी दुकानांत केळीची पानं मिळतात, तिथूनच कुठून तरी आणले असतील. रवा बुडाला लागेल म्हणून मी पुन्हा गॅसकडे वळले. आमची ईशा, वय वर्षं आठ, सोफ्यावरून म्हणाली, "डॅडी, दे लुक सो क्यूट." डॅडी खूश.

पूजा झोकात झाली. गुरुजी लॅपटॉपवरून पोथी वाचत होते. चौथ्या अध्यायात साधुवाण्याची नाव बुडते तिथे बॅटरी संपली. चार्जर सापडेपर्यंत नाव बुडालेलीच राहिली, आणि मंदारचा साहेब हात जोडून अवघडून बसला. मग आरती झाली, शेजारीपाजारी प्रसादाला येऊ लागले. आंटी आणि अंकल दरवर्षी यायचे. आंटींना शिरा भारी आवडायचा, डबा घेऊनच यायच्या. त्या आत आल्या, चपला काढल्या, चौरंगासमोर जाऊन हात जोडायला उचलले आणि हात तसेच राहिले.

मी त्यांच्याकडे बघितलं, मग त्या जिकडे बघत होत्या तिकडे बघितलं. खुंटांच्या एका पानावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. चारही पिल्लांना आंटींनी असे ठिपके लावले होते, कुणी उचलून नेलं तर ओळखता यावं म्हणून. मी मंदारला स्वयंपाकघरात ओढला.

"कुठून आणलेस हे?"

"खालून." इतका निरागस चेहरा की दोन द्याव्याशा वाटल्या. "अगं, मी वाचलं होतं. साइड शूट्स रिमूव्ह केले की मेन प्लँटला बेनिफिट होतो. घड चांगला भरतो. म्हटलं आंटींचंही काम होईल आणि आपलंही. सरप्राइज."

क्वालिटी कंट्रोल! या माणसाने पास केलेले पाइप जगात कुठे कुठे पुरलेले असतील देव जाणे. मी त्याला पिल्लांचं सगळं सांगितलं. जायच्या दोन दिवस आधी काढणार होत्या, वसईला नेणार होत्या, वडिलांची वाडी, सगळं. तो हमरियाला असायचा, त्याच्या कानावर यातलं काही पडलंच नव्हतं. तो बाहेर गेला आणि सगळ्यांदेखत, साहेबादेखत, म्हणाला, "आंटी, मी कापली. मला माहीत नव्हतं."

आंटी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सोफ्यावर बसल्या आणि तोंडावर रुमाल धरून रडायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत. गुरुजी दक्षिणा हातात घेऊन उभेच राहिले. साहेबाने शिऱ्याची वाटी खाली ठेवली. अंकल हळूच म्हणाले, "हिल्डा, चल घरी." जाताना त्यांनी माझ्या हातातला शिऱ्याचा डबा मात्र घेतला. म्हणाले, "थँक यू बाय, ती नंतर खाईल." हॉटेलातली सवय, कुठलाही प्रसंग असो, वाढलेलं परत जाऊ द्यायचं नाही.

सगळे गेल्यावर मंदार चौरंगासमोर बसून राहिला. सासूबाईंचा फोन आला, "खुंट लावले का खरे?" तो म्हणाला, "लावले आई," आणि फोन माझ्याकडे दिला. ईशा मला म्हणाली, "मम्मा, कान्ट वी जस्ट ग्लू देम बॅक?" मी तिला जवळ घेतलं. मला सत्यनारायणाचाही राग आला होता, सासूबाईंचा आला होता, जगातल्या सगळ्या बँकांचा आला होता. नोकरी वाचावी म्हणून पूजा घालायची आणि जिचं सगळं आधीच गेलं आहे तिचं उरलंसुरलं देवाला बांधायचं, हे काही मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल. दारात आंटी, गाऊनवर, केस मोकळे.

"खाली चल. त्याला पण आण."

आम्ही दोघं त्यांच्यामागून जिना उतरलो. मंदार असा चालत होता की फाशीला नेतायत. बाहेर पडताच दोघांचेही चष्मे पांढरे. धुक्यातून जावं तसे आम्ही गल्लीत पोहोचलो आणि आंटींनी बोट केलं तिथे वाकलो. मी चष्मा काढून पुसला. मातीत चार कापलेले बुंधे होते. आणि प्रत्येकाच्या मधोमध, कापल्या जागेतून, बोटभर वर आलेली पोपटी सुरळी.

"आंटी," मंदार म्हणाला, "हे काल नव्हतं."

"काल तू सुरी चालवलीस, काल कसं असेल?" आंटी मातीत मांडी घालून बसल्या होत्या. "केळ वरून कापली तर मरत नाही रे. जीव खाली असतो तिचा, कंदात. मधलं पान वर सरकतंच. मला माहीत होतं. वाडीत हे बघत मोठी झाले मी. इतकी वर्षं टाइप करून करून विसरले बघ. रात्रभर रडत बसले मूर्खासारखी, आणि इथे या बाया वर येत होत्या." मग त्यांनी मंदारच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "आणि तू! मुळासकट उपटली असतीस तर तुझा सत्यनारायण तुला वाचवायला आला नसता. कशाने कापलीस?"

"ब्रेडच्या सुरीने."

"शी! जरा चांगली तरी घ्यायचीस."

आणि त्या हसायला लागल्या. मग मी. मग मंदार, भीत भीत. वरून आंटींच्या एसीच्या नळीतून त्याच्या डोक्यावर थेंब पडत होता, तरी तो हलला नाही.

ऑगस्टच्या शेवटी आंटींनी तीन कंद काढले. या वेळी बूट पुरले नाहीत. अंकल आपला काळा कोट घेऊन आले. "आता कुठे घालणार आहे मी हा?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने कंद त्यात गुंडाळले, बाही आवळून गाठ मारली. मी आंटींना विचारलं, "वसईला लावणार कुठे? वाडी तर..." त्या म्हणाल्या, "भावांनी वाडीच्या बदल्यात एक फ्लॅट दिलाय ना. त्याच जागेवर आहे बिल्डिंग. मागे थोडी माती सोडलीय. तिथेही कुणाच्या तरी एसीखाली लावते." चौथं पिल्लू त्यांनी आईजवळ ठेवलं, आणि घड आमच्या स्वाधीन केला. आता त्यांचा एसी बंद होणार होता. वरचे दोन मजले तर कधीच खलास झाले होते. केळीचं पाणी तुटणार होतं. आंटींनी त्याचाही बंदोबस्त केलेला होता. "सुजू, तुमच्या हॉलच्या एसीची नळी लांब केली की बरोबर हिच्या बुंध्यात पडते. मी मोजून बघितलंय. घड उतरेपर्यंत रात्री हॉलमध्ये झोपा."

टॅक्सीत बसताना आंटी रडल्या नाहीत. अंकल रडले, तेही हातातला रुमाल व्यवस्थित घडी करून.

म्हणून त्या वर्षी आम्ही तिघं हॉलमध्ये गाद्या घालून झोपलो. मंदारने नळी जोडली, क्लॅम्प लावले, तीन वेळा गळती तपासली. ऑफिसातून आला की बूट न काढता आधी मागच्या गल्लीत. ईशा म्हणायची, "डॅडी, इट्स अ प्लँट, नॉट अ पेशंट." त्याची नोकरी राहिली. का राहिली ते कुणालाच कळलं नाही. त्याच्या शेजारचे दोघं गेले, तो राहिला. सासूबाईंना कारण पक्कं माहीत होतं. तो मात्र त्याबद्दल बोलायचा नाही, शेजारच्या टेबलांबद्दलही नाही. जेवायचा आणि त्या गादीवर कूस बदलत पडून राहायचा.

दिवाळीच्या आधी घड उतरवला. लांबलचक केळी, साल काळी पडेपर्यंत थांबायचं अशी आंटींची सक्त ताकीद. थांबलो. एका शुक्रवारी ती तयार झाली आणि आम्ही वसईला फोन लावला, स्पीकरवर टाकला, मग पहिलं केळं सोललं. आंटींनी आधी ईशाला द्यायला सांगितलं.

"ईशा बाळा, कसं लागतं?"

ईशाने चावून, गिळून, नीट विचार करून सांगितलं, "इट्स ओके, आंटी. लाइक बनाना."

पलीकडे आंटी इतक्या हसल्या की अंकलनी फोन घेतला, तेही हसायला लागले आणि त्यांनी तो परत दिला. "बरोबर बोलली गो पोर! केळंच आहे ते!" मग जरा श्वास घेऊन आंटी म्हणाल्या, "बरं, ऐका. दोन पिल्लं गेली. पाऊस फार झाला इथे, कुजली. पण एक लागलं. नवीन पान सोडलंय काल. पप्पांच्याच जमिनीत."

मी बोलायला तोंड उघडलं तर शेजारी मोठा हुंदका. मंदार, जो ऑफिसात एकेक टेबल रिकामं होताना हूं की चूं न करता घरी येऊन जेवत होता, तो हातात सोललेलं केळं घेऊन गादीवर बसून ढसाढसा रडत होता.

"कोण रडतंय गो?" आंटींनी विचारलं.

"मंदार."

"त्याला सांग," आंटी म्हणाल्या, "केळं खा."